थेंब पडतो तिथे गळत नसतं : घरच्या घरी इंजिन ऑइलची गळती



आजचा विषय जाहीर झाल्यावर आयोजकांना एकदोघांनी विचारलं म्हणे, की व्याख्यानमालेत आता गॅरेज काढताय का? गॅरेज काढायचा विचार नाही. पण गाडीखालच्या फरशीवर पडलेला काळा डाग तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, आणि तो पाहून पोटात गोळा आला असेल. त्या डागाबद्दल आज बोलायचं आहे.

आधी एक कबुली. आम्ही मिस्त्री नाही. आम्ही तिघं आहोत. एकजण शाळेत गणित शिकवायचा, दुसरा बँकेतून निवृत्त झालेला, तिसरा अजून नोकरीत आहे. राहतो कोल्हापुरात. रविवारी सकाळी मास्तरांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमतो आणि चहा होईपर्यंत काहीतरी उघडून बसतो. इतक्या वर्षांत जेवढं दुरुस्त केलं त्यापेक्षा थोडंसं कमी बिघडवलं, एवढाच आमचा अधिकार. (हशा) त्यामुळे आज जे सांगणार आहोत त्यात आमच्या चुकाही येतील. किंबहुना त्याच जास्त उपयोगी पडतील असं आम्हाला वाटतं.

गोष्ट मास्तरांच्या गाडीची. सोळा वर्षं झालेली छोटी पेट्रोल गाडी, चार सिलिंडर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. सोळा वर्षं तापून तापून कडक झालेल्या रबराचा होता. मास्तरांची आई रत्नागिरीकडे गावी असते. वय झालेलं, शहरात यायला तयार नाही. त्यामुळे दर पंधरवड्याला ही गाडी आंबा घाट उतरते आणि चढते. एकदा घाट चढून वर आल्यावर जळक्या तेलाचा वास आला. घरी आल्यावर सकाळी गाडीखाली पाहिलं तर फरशीवर तळहाताएवढा डाग.

नेहमीच्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली, खालून बॅटरी मारली आणि म्हणाले, "सर, क्रँकचं मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवायला लागंल. तीन दिवस धरा." खर्चाचा आकडा चौदा हजार. गाडी विकायला काढली तर साठ-सत्तर हजार येतील, तिच्यावर चौदा हजार. घरात बोलणी सुरू झाली की आता ही काढून टाकू. आणि ती काढली की पंधरवड्याच्या फेऱ्या एसटीवर, म्हणजे खरं तर फेऱ्या बंद. मास्तर आमच्याकडे आले ते या अवस्थेत.

मिस्त्री खोटं बोलत होते असं समजू नका. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना जोडतात तो सांधा खालून ओला होता, थेंब तिथूनच पडत होता. क्रँकचं मागचं सील त्याच सांध्याच्या आत असतं. पाहिलं ते बरोबर होतं. पण तेल त्या जागी कुठून आलं, हा प्रश्न वेगळा आहे. आणि घरी बसून गाडी दुरुस्त करणाऱ्याकडे मिस्त्रींपेक्षा एकच गोष्ट जास्त असते, ती म्हणजे वेळ. खड्ड्यावर मागे चार गाड्या थांबलेल्या असताना कुणी दोन दिवस नुसतं बघत बसू शकत नाही. आम्ही बसू शकतो.

आता घराच्या छताचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात बैठकीच्या खोलीत पाणी ठिबकतं, पण कौल फुटलेलं असतं माजघरावरचं. पाणी वाशावरून सरकत सरकत येतं आणि जिथे वासा संपतो किंवा गाठ येते तिथे खाली पडतं. इंजिनावर तेलाचं अगदी तसंच होतं. ते वरून खाली ओघळतं, एखाद्या कडेने आडवं जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला जमून ठिबकतं. त्यात गाडी चालताना वारा लागतो, तो तेलाला मागे ढकलतो. त्यामुळे थेंब पडतो त्या जागेपेक्षा गळती नेहमी वर असते, आणि बहुतेक वेळा पुढेही.

तर पहिलं काम म्हणजे पाना हातात घ्यायचा नाही. पुठ्ठा घ्यायचा. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा रात्री इंजिनाखाली सरकवायचा आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून ठेवायच्या. सकाळी डाग कुठे पडला ते चाकांच्या हिशेबाने कळतं. डाग कशाचा आहे तेही बघून घ्या. उन्हाळ्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली स्वच्छ पाणी पडतं, ते पाहून घाबरून गॅरेज गाठणारे लोक आम्ही पाहिले आहेत. कूलंट हिरवं किंवा गुलाबी असतं, वास गोडसर. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प येतो. इंजिन ऑइल नवं असेल तर मधासारखं, जुनं असेल तर काळं, आणि बोटाला ओशट. ब्रेक ऑइल फिकट पिवळसर आणि पातळ असतं, बहुधा चाकाजवळ सापडतं. ते असेल तर मात्र गाडी जागची हलवायची नाही.

डाग पाहून माणूस घाबरतो, कारण तेल पसरतं. मास्तरांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. एक मिलिलीटर तेलाचे अंदाजे पंचवीस-तीस थेंब होतात. इंजिन चालू असताना दर दहा सेकंदाला एक थेंब पडला तर तासाला ३६० थेंब, म्हणजे फार तर १५ मिलिलीटर. रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर, घाट धरून तीन तास, म्हणजे ४०-४५ मिलिलीटर. बऱ्याच छोट्या गाड्यांत डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये जवळजवळ एक लिटरचा फरक असतो. म्हणजे अशा गळतीने वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर यायला वीसेक फेऱ्या लागतील. तेव्हा आठवड्याला एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. तेवढ्याने इंजिन वाचतं.

मग घाई कसली? घाई प्रमाणाची नाही, जागेची आहे. इंजिन ऑइल २०० अंशांच्या थोडं पुढे गेलं की त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. इंजिनातून निघणारा सायलेन्सरचा पहिला भाग, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात, तो घाट चढताना याच्या कितीतरी वर तापतो. तेल फरशीवर पडतंय तोवर ती कटकट असते. ते मॅनिफोल्डवर पडायला लागलं की तो धोका असतो. मास्तरांना आलेला जळका वास हा या दुसऱ्या जातीचा होता. म्हणून आम्ही ठरवलं, की गळती सापडेपर्यंत घाट बंद. मास्तरांनी आईला फोन करून सांगितलं की या वेळी जमत नाही. असे दोन पंधरवडे गेले.

आता शोधायचं कसं? धुऊन. ज्या इंजिनावर सोळा वर्षांचा तेल-मातीचा थर आहे, त्यावर गळती शोधणं म्हणजे चिखलात पाऊल शोधणं. इंजिन पूर्ण गार असताना, उघड्यावर, ब्रश आणि डीग्रीझरने घासायचं. रॉकेल वापरणारे वापरतात, पण मग ते पूर्ण उडून जाईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. अल्टरनेटरवर आणि वायरिंगच्या जोडांवर आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायच्या. सर्व्हिस स्टेशनसारखा पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नाही. पाणी जिथे जाऊ नये तिथे जातं आणि मग गाडी वेगळ्याच कारणाने बंद पडते. हेही आमच्या अनुभवातलंच आहे, पण ते परत कधीतरी.

इंजिन कोरडं झालं की त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. साधी टाल्कम पावडर. मग गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवायची, जवळपास एक फेरी मारायची आणि टॉर्च घेऊन बघायचं. पांढऱ्यावर ओघळ लगेच उठून दिसतो, आणि त्या ओघळाचा माग काढत वर वर जायचं. ज्या जागेच्या वर सगळं कोरडं आहे, ती गळती. (तेलात टाकायचा चमकणारा रंग आणि तो दाखवणारा निळा टॉर्चही मिळतो. चांगला असतो. पावडर मात्र घरात असते.) एक सूचना : बोनेट उघडं आणि इंजिन चालू असताना बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी सांभाळा. रेडिएटरचा विजेवरचा पंखा पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद केल्यावरसुद्धा आपोआप सुरू होतो.

आमच्या पावडरीवरचा ओघळ खालच्या सांध्यापासून सुरू होऊन इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या अंगाने सरळ वर गेला, आणि थांबला तो थेट टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर. मागच्या सीलच्या कितीतरी वर, आणि उघडायला दहा नंबरचा पाना पुरे अशा जागी.

इथे थोडं थांबून तेल इंजिनात कसं फिरतं ते सांगायला हवं, कारण त्यावरून कुठली गळती किती गंभीर ते कळतं. खाली चेंबरमध्ये तेल साठलेलं असतं. पंप ते ओढून दाबाने क्रँकच्या बेअरिंगांना आणि वर कॅमशाफ्टला पोचवतो. गाडी वेगात असताना हा दाब साधारण ३ ते ४ बार असतो, म्हणजे चारचाकीच्या टायरमध्ये असते त्या हवेपेक्षाही जास्त. फिल्टर आणि ऑइल प्रेशरचा स्विच या दाबाच्या वाटेवर बसलेले असतात. तिथे गळती झाली तर ती ठिबकत नाही, चिळकांडी उडते, आणि काही मिनिटांत चेंबर रिकामं होतं. याउलट वर गेलेलं तेल काम झालं की नुसतं उतारावरून खाली परततं. टॅपेट कव्हरच्या आत, चेंबरच्या कडेला तेल फक्त उडत आणि ओघळत असतं, त्याला पंपाचा दाब नसतो. म्हणून तिथल्या गळत्या हळू असतात, वर्षानुवर्षं चालतात, आणि नवशिक्याने हात घालायला याच बऱ्या.

टॅपेट कव्हर आणि हेड यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग असतं. पॅकिंग म्हणजे डिंक नव्हे, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. ते एक प्रकारचं स्प्रिंग आहे. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही घासले तरी त्यात बारीक उंचसखलपणा राहतो. रबर दाबलं जातं, त्या खाचा भरतं, आणि उलट ढकलत राहतं. ते ढकलणं म्हणजेच सील. वर्षानुवर्षं शंभर अंशांच्या आसपास राहून रबर कडक होतं आणि दाबलेल्या आकारातच राहतं. आमचं जुनं पॅकिंग निघालं ते तुकड्या-तुकड्यांनी, शिळ्या पापडासारखं. असं पॅकिंग कितीही आवळलं तरी परत ढकलणार नाही.

आणि नेमकं तेच आम्ही आधी करून बसलो होतो. ओघळ सापडल्याच्या आनंदात बँकवाल्यांनी पाना लावला आणि म्हणाले, जरा आवळून बघू. दोन बोल्ट आवळले गेले. तिसरा छान फिरला, अगदी मऊ फिरला, आणि डोकं हातात आलं.

त्या क्षणी जी शांतता पसरते ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांनाच कळेल.

हिशेब नंतर मांडला, जो आधी मांडायला हवा होता. या कव्हरचे बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचे. कंपनीच्या पुस्तकात त्यांचा टॉर्क असतो बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटर. दहा नंबरचा पाना साधारण १५ सेंटिमीटर लांब. म्हणजे त्याच्या टोकाला सात किलोचा जोर लावला की १० न्यूटन-मीटर झाले. साधा माणूस एका हाताने सहज वीस किलोने ओढतो. म्हणजे नुसतं "जरा" म्हणेपर्यंत आपण तिप्पट गेलेलो असतो. हेड ॲल्युमिनियमचं असतं. बोल्ट तुटला नाही तर आटे जातात, आणि ते जास्त वाईट.

तुटका बोल्ट काढायला शिवाजी उद्यमनगरातला एक कारागीर छोटं वेल्डिंग मशीन घेऊन घरी आला. कोल्हापुरात राहण्याचा हा एक फायदा, लोखंडाचं कुठलंही दुखणं असो, उद्यमनगरात त्यावर हात बसलेला कुणीतरी सापडतोच. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, कव्हर उतरवून हेडवर ओली गोणपाटं टाकली. बोल्टचं दोन-तीन मिलिमीटर टोक वर उरलं होतं. त्यावर त्याने एक नट ठेवला, नटाच्या पोटात वेल्ड मारला, गार होऊ दिला आणि पान्याने नट फिरवला. बोल्ट सुळकन बाहेर. तीनशे रुपये घेतले. जाताना शेडमधल्या पान्यांकडे बघून म्हणाला, "सर, पाना लहान घ्या." यापेक्षा चांगला सल्ला आम्हाला कुणी दिलेला नाही.

आता कव्हर काढायची आणि बसवायची रीत. इंजिन गार हवं. स्पार्क प्लगच्या चार वायरींवर कागदी टेप लावून एक ते चार आकडे घाला, अदलाबदल झाली की गाडी धडधडते आणि आपण भलतीकडे कारण शोधत बसतो. कव्हरभोवतीची धूळ आधी पुसा किंवा हवेने उडवा, नाहीतर कव्हर उचललं की ती सरळ इंजिनात. बोल्ट बाहेरच्या कडेकडून आत, थोडे थोडे सैल करत जा. कव्हर चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने टकटक करा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की ती नवी गळती आपण स्वतःच्या हाताने केली. कव्हर निघालं की उघड्या हेडवर स्वच्छ, दोरे न निघणारं फडकं. खिशातलं पेन, चष्मा, सगळं बाजूला ठेवून वाका.

मग साफसफाई. यात सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. कव्हरची खाच आणि हेडची कड दोन्हीवरून जुनं रबर आणि जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा आणि शेवटी ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. बोट फिरवलं तर ओशट लागता कामा नये. नवं पॅकिंग खाचेत कोरडंच बसवायचं. प्लगच्या नळ्यांभोवतीच्या रबरी कड्या वेगळ्या असतात, त्याही याच वेळी बदला. त्या गळल्या तर तेल प्लगच्या विहिरीत साठतं.

सिलिकॉनबद्दल आमचं मत जरा कडक आहे. आपल्याकडे कुठलीही गळती म्हणजे ट्यूब पिळा अशी पद्धत पडली आहे. रबरी पॅकिंगवर सगळीकडे सिलिकॉन फासलं तर पॅकिंग घसरतं, आणि आतल्या बाजूला आलेली जादा लोळी कधी ना कधी तुटून खाली पडते. चेंबरमध्ये पंपाच्या तोंडाशी जाळी असते. तुकडे तिथे जाऊन अडकले की तेलाचा दाब गेला, आणि दाब गेला की इंजिन गेलं. साडेचारशे रुपयांच्या पॅकिंगसाठी इंजिन घालवायचं का? सिलिकॉन लागतं ते फक्त कोपऱ्यांत, जिथे कॅमशाफ्टची कमान हेडला मिळते आणि पॅकिंगला एकदम वळण घ्यावं लागतं. तिथे मुगाच्या दाण्याएवढा ठिपका, बस्स. आमची गळती अशाच कोपऱ्यात होती. सिलिकॉन लावल्यावर ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, आम्ही रात्रभर गाडी तशीच ठेवतो.

बोल्ट आवळताना क्रम उलटा, मधून बाहेर, आणि दोन फेऱ्यांत. टॉर्क रेंच असेल तर उत्तम. नसेल तर पाना तोंडाजवळ, दोन बोटांनी धरा. लांब टोकाला धरायचाच नाही.

एवढं सगळं केलं. पुठ्ठा दहा दिवस कोरा. मास्तरांनी आईला फोन केला, येत्या रविवारी येतो. आणि शुक्रवारी पुठ्ठ्यावर एक थेंब.

तोच कोपरा. नवं पॅकिंग, योग्य टॉर्क, तरी ओला. आम्हाला वाटलं आपण बसवताना चुकलो. पुन्हा उघडायच्या तयारीत होतो. तेवढ्यात आमच्या नोकरीवाल्याने सहज, इंजिन चालू असताना, तेल भरायचं झाकण काढलं. झाकणाखालून फस्स करून वाफ अंगावर आली. चांगल्या इंजिनात असं होत नाही. जागेवर चालू असताना त्या तोंडावर पातळ कागद धरला तर तो हलकासा आत ओढला जायला हवा. आमचा कागद उडून गेला.

कारण असं. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली इंजिनाच्या पोटात उतरतो. नव्या गाडीतही उतरतो. तो बाहेर काढला नाही तर पोटात दाब वाढतो. फार पूर्वी एका नळीने तो सरळ रस्त्यावर सोडत. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तो परत इंजिनात ओढून जाळायला लावला, आणि त्यासाठी बसवली जाते ती छोटी झडप म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. अंगठ्याएवढी वस्तू, बहुधा टॅपेट कव्हरवरच खोचलेली. गाडी शहरात दोन-चार किलोमीटरच फिरत असेल तर इंजिन नीट तापत नाही, आतला ओलावा उडत नाही, आणि तेल-पाण्याचा काळा चिकटा या झडपेत साठतो. मास्तरांची गाडी पंधरवड्यातले चौदा दिवस मंडईपर्यंतच जात होती. झडप काढून कानाशी हलवली. चांगली झडप आत खुळखुळते. ही मुकी होती. आत काकवीसारखा गाळ.

म्हणजे पॅकिंग म्हातारं झालं होतं हे खरं, पण त्याला रोज आतून कुणीतरी ढकलत होतं हेही खरं. नवी झडप दोनशे रुपयांना आली, नळीही बदलली. कोपरा एकदा पुसला आणि परत ओला झाला नाही. त्यानंतर आम्ही कुठल्याही गळतीला हात लावायच्या आधी ही झडप बघतो. आणि झडप चांगली असूनही झाकणातून वाफ येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत असं समजायचं. मग पॅकिंगं बदलत बसण्यात अर्थ नाही.

खालच्या गळत्यांबद्दल थोडक्यात. ड्रेन बोल्ट ओला असेल तर तो आवळू नका, पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी त्याचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर नवा घाला. तो एकदाच चेपण्यासाठी असतो. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघा. दोन कड्या एकावर एक बसल्या तर गाडी सुरू करताच सगळं तेल जमिनीवर. आणि गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही नाही. चाकांना उटी लावा, गाडी घोड्यांवर टेकवा, हाताने हलवून बघा आणि मगच आत जा. विटा किंवा जांभा दगड रचून त्यावर गाडी ठेवणारे लोक आहेत. वीट आधी काही न सांगता फुटते.

हेड गॅस्केट, टायमिंग बेल्टमागचं पुढचं सील आणि मिस्त्रींनी सांगितलेलं ते मागचं सील, यात आम्ही हात घालत नाही. तिथे मिस्त्रींकडेच जायचं, फक्त वरचं सगळं कोरडं आहे हे पाहून जायचं. आमच्या मिस्त्रींना आम्ही झडप दाखवली. त्यांनी ती हलवून पाहिली आणि म्हणाले, "मागचं सीलबी आज ना उद्या जाणारच हाय." तेही खरंच आहे.

काढलेल्या तेलाचं काय करायचं? आमच्या लहानपणी जळकं ऑइल वाळवी लागू नये म्हणून दारांच्या चौकटींना फासायचे. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि जळताना तयार झालेली घातक द्रव्यं असतात, ते त्वचेला वारंवार लागणं चांगलं नाही. हातमोजे घाला. गटारात किंवा मातीत तर ओतूच नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं. मूळच्या कॅनमध्ये भरून, त्यात पाणी-रॉकेल न मिसळता, जुनं तेल अधिकृतपणे पुनर्वापराला देणाऱ्या गॅरेजकडे नेऊन द्या.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे : मोटारसायकलला हेच लागू का? शोधायची रीत तीच. पण एक फरक फार महत्त्वाचा. चारचाकीचं तेल फरशीवर पडतं, दुचाकीचं वाऱ्याने मागच्या टायरवर जातं, आणि वळणावर माणूस पडतो. त्यामुळे तिथे "बघू पुढच्या महिन्यात" चालत नाही, गाडी उभीच करायची. बाकी, डाव्या बाजूला पुढच्या चेन स्प्रॉकेटच्या कव्हरखाली काळं चिकट दिसलं तर लगेच इंजिनाला दोष देऊ नका. पुष्कळदा ते चेनला मारलेलं वंगण उडून तिथे साठलेलं असतं. मात्र गिअर शाफ्टचं सीलही तिथेच असतं. कव्हर उघडा, पूर्ण पुसून घ्या, चेनला आठवडाभर काही लावू नका आणि रात्री पुठ्ठा ठेवा. चेनचं असेल तर पुठ्ठा कोरा राहील.